नातीच्या पहिल्या संक्रांतीची रेवडी

नातीचा फोन आला तेव्हा मी अंगणात उन्हाला बसून तीळ निवडत होतो. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, होऊन गेली होती, संक्रांत तोंडावर आली होती आणि तिची सासरची ही पहिलीच संक्रांत. लग्न उन्हाळ्यात झालेलं, दिली उदगीरला. फोन माझ्या सुनेनं, म्हणजे तिच्या आईनं, उचलला आणि आवाज मोठा करून माझ्यापुढं धरला.

"अज्जा, रेवडी करायलात न्हवं?"

"तीळ निवडायलोय. तुला काय वाटलं, झोपलोय?"

"तसं न्हाई. सासूबाईनं सगळ्या गल्लीला हळदीकुंकवाला बोलावलंय. मी बोलून बसले की आमच्या अज्जाच्या हातची रेवडी येणार हाय, दुकानातलं काय आणू नका. त्या म्हणल्या, बरं, बघू की तुझ्या अज्जाचा हात."

"बघू दे की."

"न्हाई आली तर मला वरीसभर ऐकावं लागंल, अज्जा."

मी म्हणलं, येते. भोगीच्या सकाळी तुझा बाप घेऊन येतोय. तिला बरं वाटलं, तिनं फोन ठेवला. सून फोन हातात धरून तशीच उभी राहिली आणि माझ्या हाताकडं बघत होती. मी हात सुपात घातला. तीळ निवडायला लागलो. खडा कुठला आणि तीळ कुठला हे मला डोळ्यानंच बघावं लागत होतं. बोटाला काही कळत नव्हतं.

ते कुणाला ठाऊक नव्हतं, असं मी धरून चाललो होतो. शुगर मला बरीच वर्षं आहे, भालकीचा डॉक्टर गोळ्या देतो, मी खातो, कधी खात नाही. गेल्या पावसाळ्यापासून आधी तळपाय बधिर झाले, मग बोटांची शेंडं, मग हळूहळू तळहात. डॉक्टरला सांगितलं असतं तर त्यानं लेकाला सांगितलं असतं, आणि लेकानं मला खाटेवर बसवलं असतं. बसायची मला सवय नाही. मी तिसरीतनं शाळा सोडली ती नांगर धरायला, तेव्हापासून ह्या हातानं जे करायचं ते केलं. म्हणून गप्प बसलो.

रेवडी आमच्या घरी बापाच्या वेळेपासून होते. बाजारात मिळते ती साखरेची, पांढरी, दातात धरली की पिठासारखी होते. आमची गुळाची. गुळाचा पाक करायचा, तो फरशीवर ओतायचा, जरा निवला की उचलून भिंतीतल्या बाभळीच्या खुंटीला टाकायचा आणि ओढायचा. ओढायचा, घडी घालायची, परत खुंटीला टाकायचा, परत ओढायचा. काळा पाक ओढून ओढून तांबूस होतो, मग पिवळा, मग अगदी दूध घातल्यासारखा. मग त्याची लांब वळी करून कात्रीनं तुकडे पाडायचे आणि गरम तिळात घोळायचे. चावली की कट् वाजली पाहिजे आणि मग तोंडात विरली पाहिजे. आमच्या गावात पोरीच्या पहिल्या संक्रांतीला ऊस, बोरं, हरभरा सगळेच धाडतात. घरची रेवडी आम्हीच धाडतो. माझ्या बहिणींना बापानं धाडली, माझ्या पोरींना मी धाडली.

सगळं अवघड काम एकाच जागी आहे, ते म्हणजे पाक फरशीवरनं उचलायची वेळ. लवकर उचलला तर हात भाजतो आणि पाक खुंटीवरनं गळतो. उशीर झाला तर फरशीवरच काच होतो. बाप सांगायचा, हात उपडा करून पाकाला लावायचा. चटका बसला पाहिजे, पण हात मागं यायला नाही पाहिजे. तेव्हा उचलायचा. मी जन्मभर तसाच उचलला. आता माझा हात मागं येतच नव्हता, चुलीतल्या निखाऱ्याला लावला तरी आला नसता.

गूळ मात्र चांगला होता. शेजारच्या गावच्या गुऱ्हाळावरनं मी एक ढेप दिवाळीनंतरच आणून ठेवली होती, पावडर न मारलेला, काळपट गूळ. बाजारात आता पिवळाधमक गूळ येतो, दिसायला देखणा, पण त्याचा पाक ओढायला गेलं की तुटतो. त्या ढेपेत दोन घाणे होतील एवढा गूळ होता. एक घाणा आम्हाला पुरतो. दुसरा चुकला तर असावा म्हणून.

भोगीच्या आदल्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर चूल पेटवली. आभाळ आलेलं होतं. आभाळात रेवडी करू नये, पाकाला ओल धरते, पण थांबायला दिवस नव्हता. सून जाळ घालायला बसली. खजुरीकडची पोर ती, माहेरी कानडी बोलते, आमच्यात येऊन वीस-बावीस वर्षं झाली तरी राग आला की तिच्या तोंडात कानडीच येते. चुलीजवळचं सगळं ती करायची, गूळ फोडायची, तीळ भाजायची. खुंटीला मात्र तिनं कधी हात लावला नव्हता. बापानं आईला लावू दिला नाही, मी बायकोला लावू दिला नाही. लेकाला शिकवायला बघितलं, त्याचे हात दोन ओढीत लाल झाले आणि तो साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरीला लागला.

पहिला घाणा. पाक चांगला झाला, पाण्यात थेंब टाकला तर कडक गोळी झाली, वाटीला आपटली तर वाजली. शहाबादी फरशीला शेंगतेल लावून त्यावर ओतला. उलथन्यानं कडा आत घेत राहिलो. गळ्यातलं इष्टलिंग पुढं लोंबत होतं, त्याचा दोरा पाठीवर टाकला. मग हात उपडा करून पाकाला लावला.

काहीच कळालं नाही.

निवला म्हणून कळालं नाही, का माझा हात मेला म्हणून कळालं नाही, हे कसं ओळखायचं? मी थोडा थांबलो. परत लावला. सून जाळ ओढता ओढता माझ्याकडं बघत होती. मी अजून थोडं थांबलो. भाजलं तर तिला दिसेल, हेच डोक्यात. मग उचलायला गेलो तर कडा उचलेना. उलथनं खाली सारलं तर पाक मधोमध तडकला. खुंटीपर्यंत गेलाच नाही.

लेक दारात उभा होता, रात्रपाळीला जायचं म्हणून सदऱ्याची बटणं लावत होता. म्हणाला, "जाऊ द्या आप्पा. मी सकाळी उदगीरला उतरलो की चांगल्या दुकानातनं दोन किलो घेतो, आपल्या डब्यात भरून देतो. कुणाला कळतंय?"

"तुझ्या लेकीला कळतंय."

"ती काय सांगणार हाय व्हय सासूला?"

"खोटं बोलायला लावतोस तिला? पहिल्याच सणाला?"

"मग काय करता? आभाळ आलंय, गूळ तसा हाय."

"गुळाला काय झालंय? गूळ चांगला हाय."

हे मी बोललो आणि जीभ चावली. गूळ चांगला, पाक चांगला, मग बिघडलं काय? लेकाच्या ते ध्यानात आलं नाही. सुनेच्या आलं. ती खाली बघून फरशीवरचे तुकडे खुरप्यानं काढायला लागली. लेक गाडी काढून गेला, जाताना म्हणाला की पहाटे येतो, डबा तयार असला तर बरं, नसला तर दुकान हायच.

आता उरलेला अर्धा गूळ आणि मी. तो बिघडला तर भालकीत काय, लातुरात गेलो तरी तसला गूळ त्या दिवशी मिळाला नसता.

सून म्हणाली, "मामा, दुसरा उद्या सकाळी करू. आभाळ जाईल."

"सकाळची गाडी सातला हाय."

"मग मी बघते ना पाक निवला का. मी हात लावून सांगते, तुम्ही उचला."

मला ते झोंबलं. आजही झोंबतं, खोटं कशाला सांगू. म्हणलं, "तुला काय कळतंय निवल्यालं? चुलीकडं बघ तू."

तिनं चुलीकडं बघितलं. गूळ कढईत पडला, पाणी पडलं, वरची मळी मी झाऱ्यानं काढली, लिंबाचे चार थेंब टाकले. बाहेर उजेड कमी होत चालला होता आणि दिवा लावला तर पाकाचा रंग ओळखता येत नाही, म्हणून तोही लावला नव्हता. मी मनात ठरवलं होतं की ह्या खेपेला उशीर करायचा नाही. एकदा काच झाली, दुसऱ्यांदा होऊ द्यायची नाही. गोळी वाजली, फरशीवर ओतला, कडा आत घेतल्या, एकदा, दोनदा, तीनदा, आणि हाताला तेल लावून सरळ उचलला.

सुनेनं तोंडावर हात घेतला ते मी बघितलं. का घेतला ते मला कळालं नाही. पाक जरा पातळ वाटला, पण खुंटीला टाकल्यावर धरला. मी ओढला.

इथं एक सांगितलं पाहिजे. खुंटीवर पाक असताना ओढणाऱ्यानं बोलायचं नाही, हा आमच्या बापाचा नियम. तोंड पाकासमोर असतं, बोललं की थुंकी उडते, आणि लक्षही जातं. देवाधर्माला, पोरीबाळीला जायची वस्तू, तिच्यावर उष्टं नको. जो बोलला त्यानं तिथंच पाकाचा दोर सोडायचा आणि दुसऱ्यानं धरायचा. बाप आणि चुलता असे आळीपाळीनं ओढायचे, आणि एकमेकाला बोलतं करायला काय काय करायचे. मी एकटाच ओढायचो, त्यामुळं माझ्यावर तो नियम कधी चालवायची वेळ आली नाही, पण पाळला मी कायम.

चार-पाच ओढी झाल्या. पाक काळ्याचा तांबूस झाला. सून उठून माझ्या बाजूला आली.

"मामा, हात दाखवा."

मी मान हलवली. नाही.

"हात भाजलाय तुमचा. अंगठ्याखाली बघा."

मी बघितलं. अंगठ्याच्या बुडाला कातडं पांढरं होऊन फुगलं होतं. दुसऱ्या हाताला बोटांच्या मधी लालभडक. दुखत काहीच नव्हतं. दुसऱ्या कुणाचा हात बघतोय असं वाटलं. मी घडी घातली, परत खुंटीला टाकला.

"फोड आल्यात. फुटले की ते पाणी पाकात. माझ्या लेकीच्या घरी असलं धाडणार हाव का आपण?"

मी ओढत राहिलो. तिचं म्हणणं खरं होतं, हे मला तेव्हाच कळालं होतं. पण सोडला तर तो तिथंच लोंबून थंड होणार. आणि धरायला कोण? घरात आम्ही दोघंच.

"साकु," ती म्हणाली. कानडी सुरू झाली. पुरे म्हणते. "बिडरी मामा. सोडा म्हणते मी. माझ्या हातात द्या."

मी तिच्याकडं बघितलंच नाही. दोर हाताएवढा जाड होता, अजून पिवळा झाला नव्हता, अर्ध्यावर होता. बोटं मला दिसत होती, कशी धरायची ते ठाऊक होतं. डोळ्यानं ओढीन म्हणलं. ओढलंही असतं. माझं अजूनही म्हणणं आहे की ओढलं असतं.

मग ती माझ्या कानाजवळ आली आणि हळू आवाजात बोलायला लागली. मोठ्यानं बोलली असती तर मला सहन झालं असतं.

"बोटं मेल्यात तुमची. सांगायला काय व्हतं? उंबऱ्यात चप्पल सुटती आणि तुम्ही एक पाय उघडा घेऊन मारुतीच्या पारापर्यंत जाता. मी मागनं आणून ठेवते. परवा चहाची बशी हातात कलंडली, तुम्हाला कळालं न्हाई, मी आत निघून गेले. तुमच्या लेकाला सांगितलं न्हाई, कुणाला सांगितलं न्हाई. मला काय दिसत न्हाई व्हय? आंधळी हाव का मी? का खजुरीहून आलेली म्हणून मला कळत न्हाई?"

माझं डोकं फिरलं.

"तू गप बस," मी म्हणलं.

ती एकदम गप झाली. माझ्याही ध्यानात आलं. दोर माझ्या दोन्ही हातात ताणलेला, मधोमध खुंटी, आणि माझं तोंड उघडं.

"बोललात," ती म्हणाली. "सोडा आता."

मी सोडला नाही. लगेच सोडला नाही. ती हात पुढं करून उभी, आणि पाक आमच्या दोघांच्या मधी खाली खाली यायला लागला. आभाळातली ओल, बाहेर गार वारं. अजून दहा श्वास घेतले असते तर तो तिथंच आखडला असता. मी सुनेचं ऐकून सोडला, असं पुढं तिनं कुणाकुणाला सांगितलं असेल. तसं नाही ते. बापाचा नियम होता. तो बापासाठी होता तसा माझ्यासाठीही होता, म्हणून मी सोडला.

तिनं धरला. त्याआधी हाताला तेल चोळलं होतं, बांगड्यांवर ओला फडका कधी गुंडाळला मला कळालंही नाही. म्हणजे ती आधीपासून तयारीत होती. पहिल्या ओढीलाच "स्स" करून तोंड वाकडं केलं, चटका बसला तिला. माझ्या तोंडातनं निघालं, "बसला पाहिजे. हात मागं घेऊ नको."

तिनं मागं घेतला नाही.

आता ती ओढणारी आणि मी बोलणारा. ती उलटून बोलू शकत नव्हती. मी मघाचं सगळं वसूल केलं, आणि काम पण सांगितलं, दोन्ही एकदमच.

"खाली लोंबू देऊ नको. साडी वाळत घालायलीस का? घडी घाल, आधी घडी. पीळ दे. पीळ म्हणलं, गाठ न्हाई. खुंटीच्या बुडाला चिकटलं ते कोण काढणार, तुझा नवरा? कोपरानं ओढ, मनगटानं नको. हां. तशी. पुन्हा घाल."

ती दात आवळून ओढत होती. अंगानं बारीक बाई, पण दर ओढीला पाय भिंतीला लावून सगळं वजन टाकत होती. पाक पिवळा झाला. मग त्यात पांढऱ्या रेघोट्या आल्या. ती ओढ तिची होती, माझी नव्हती. मी लांब आणि सावकाश ओढतो, तिनं आखूड आणि भराभर ओढली. दोर तुटतो का काय, असं दोनदा वाटलं. एकदा मी हात पुढं केला तर तिनं डोळ्यानंच मला मागं ढकललं.

"बस," मी म्हणलं. "झाला. काढ."

तिनं मान हलवली आणि अजून ओढला. का, ते विचारलं तर सांगता येत नव्हतं तिला. अजून दोन-तीन घड्या घातल्या. मी बस बस म्हणत राहिलो. मग तिनं खुंटीवरनं काढला आणि पाटावर वळी करायला लागली. तेव्हा म्हणाली, "मला वाटलं अजून तांबूस दिसायलाय."

"अंधार पडलाय. अंधारात सगळं तांबूस दिसतंय."

"मग दिवा लावायचा व्हता की."

तुकडे तिनंच पाडले, मी तीळ हलवले, कलथा फडक्यानं धरून. तीळ चांगला लागला. एक तुकडा निवल्यावर मी तोंडात टाकला, डॉक्टर काही म्हणू दे. कट् वाजला, पण जरा हलका वाजला. जास्त ओढली की हवा शिरते आणि कडकपणा थोडा कमी होतो, ते मला दातानं कळालं. दाताला अजून कळतं. मी तिला काही सांगितलं नाही. डबा भरला.

हाताचं सकाळी लेकानं बघितलं आणि घरात जे व्हायचं ते झालं. मला शुगरचं, बधिरपणाचं सगळं विचारून झालं, सुनेला का सांगितलं नाहीस म्हणून बोलून झालं. ती म्हणाली, "सांगायचं त्यांनी व्हतं." डबा घेऊन तो गाडीला गेला. मला भालकीला नेलं ते भोगीच्या दुपारी, तो उदगीरहून परत आल्यावर. दोन्ही हातांना पट्ट्या बांधल्या. डॉक्टर म्हणाला, अजून खोल गेलं असतं तर बोट ठेवता आलं नसतं. ते मी त्याच्यापुढं ऐकून घेतलं.

संक्रांतीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोन आला नाही. सून चार वेळा फोन हातात घेऊन ठेवत होती. मी खाटेवर, पट्ट्या मांडीवर. हळदीकुंकू किती वेळ चालतं मला काय ठाऊक. दिवे लागायच्या सुमाराला वाजला. सुनेनं परत आवाज मोठा करून माझ्यापुढं धरला, कारण मला धरता येत नव्हता.

"अज्जा, सगळ्यांनी खाल्ली."

"आणि सासू?"

"सासूबाई म्हणल्या, चव लई चांगली हाय, गूळ चांगला हाय. पण जराशी जास्त ओढल्यावानी वाटते म्हणल्या. त्यांच्या माहेरीबी करायचे म्हणं पूर्वी, त्यांना कळतंय त्यातलं."

सून फोन धरून उभी होती. तिचं तोंड उतरलं. मी काय म्हणतो तेवढं ती बघत होती. मला सांगता आलं असतं की माझा हात तसा नाही, मी कधी जास्त ओढत नाही, विचार तुझ्या आईला. उदगीरच्या त्या बाईनं बरोबर ओळखलं होतं, आणि बरोबर ओळखणाऱ्या माणसापुढं आपलं नाव खराब झालेलं मला सोसत नाही.

म्हणलं, "सांग तुझ्या सासूला, आमच्या घरी अशीच ओढतेत."

"मी बी तेच म्हणले, अज्जा."

"उरली का?"

"कुठली उरते? ताट रिकामं झालं. शेजारची एक तर पदरात बांधून घेऊन गेली."

"मग झालं. तुझ्या आईशी बोल."

सुनेनं फोन कानाला लावला आणि आत गेली. आतनं तिचा आवाज येत होता, कसा पाक उचलला, कुठं चटका बसला, दोर कसा तुटता तुटता राहिला, सगळं लेकीला सांगत होती. अज्जाची बोटं मेल्याचं त्यात कुठं आलं नाही. मी कान देऊन ऐकलं.